ठोका चुकता कामा नये

दोन टेलिफोन एक्स्चेंजच्या मध्ये एखादी ई-१ लाइन चालू असते, तेव्हा तिच्यातून दर सेकंदाला २०,४८,००० बिट जातात. कुणी बोलत असो वा नसो. मध्यरात्री तिसांच्या तीस वाहिन्या रिकाम्या असल्या तरी आकडा तोच आणि सकाळी अकराला सगळ्या भरलेल्या असल्या तरी तोच. ३२ खणांची एक फ्रेम, दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक, अशी ही रांग अखंड चालते. या रांगेतून पलीकडच्या टोकाला दोन गोष्टी पोहोचतात. एक म्हणजे बिट. दुसरी म्हणजे ते बिट ज्या चालीने आले ती चाल. पलीकडचं यंत्र येणाऱ्या बिटांवरूनच आपलं घड्याळ लावून घेतं. या दुसऱ्या गोष्टीचे पैसे कुणी कधी वेगळे लावले नाहीत, त्यामुळे ती आपल्याला मिळते आहे हे फारसं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

ती ध्यानात आली १९९०च्या दशकात, या लाइनी एटीएमच्या जाळ्यावरून न्यायची वेळ आली तेव्हा. बँकेच्या पैशांच्या यंत्राशी या एटीएमचा संबंध नाही. हे ‘असिंक्रोनस ट्रान्सफर मोड’. आवाज, चित्र, संगणकाची माहिती, सगळं ५३ बाइटांच्या सारख्या तुकड्यांत कापायचं आणि एकाच जाळ्यावरून न्यायचं, अशी ती कल्पना होती. बाजारात ती हरली आणि आज तिचा उल्लेख निघालाच तर फसलेला, अवजड, समित्यांनी रचलेला प्रकार म्हणून निघतो. मला हा निवाडा अर्धवट वाटतो. एका ठरलेल्या चालीची सर्किटं एटीएमवरून कशी नेली, हे बारकाईने पाहिलं की एक गोष्ट स्वच्छ दिसते: नियमित चालीने येणारी माहिती सामायिक रस्त्यावर टाकली, की त्या नियमिततेची किंमत मोजावीच लागते. ती जास्तीच्या बँडविड्थमध्ये मोजता येते, जास्तीच्या विलंबात मोजता येते, किंवा दोन्ही टोकांना मिळणाऱ्या समाईक घड्याळात मोजता येते. ती बुडवता येत नाही. एटीएमने हा हिशेब उघडा मांडला. त्याच्या जागी जे आलं त्याने तो बराच काळ झाकून ठेवला, आणि त्याचे परिणाम आपण अजून निस्तरतो आहोत.

थोडं मागे जायला हवं. बोलणं आकड्यांत उतरवण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्हज या इंग्रज इंजिनिअरला १९३७ साली पॅरिसमध्ये काम करत असताना सुचली. ती परवडण्याजोग्या खर्चात अमलात यायला ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. १९६२मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने टी-१ सुरू केली: एका लाइनवर २४ संभाषणं, १५,४४,००० बिट सेकंदाला. युरोपाने आणि त्याच्या मागोमाग आपण ३२ खणांची ई-१ घेतली. दोन्हींचा पाया एकच. आवाजाची सेकंदाला ८,००० मापं आणि प्रत्येक मापाचे ८ बिट धरले, की एका संभाषणाचे ६४,००० बिट होतात. या रचनेत कोणता बाइट कोणाचा, हे त्याच्या येण्याच्या वेळेवरून ठरतं. बाइटावर नाव नाही, पत्ता नाही. फ्रेममधल्या ज्या खणात आला त्या खणाच्या वाहिनीचा. ओळख पटवायचं सगळं काम वेळ करते.

संगणकांच्या जाळ्यांनी याच्या उलट टोक धरलं होतं. तिथे प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो, म्हणून वेळेला महत्त्व नसतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये सीएनईटी या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेत ज्याँ-पिएर कुद्रूझ आणि अमेरिकेत जॉनथन टर्नर यांनी वेगवेगळ्या वाटांनी या दोन टोकांच्या मधली जागा शोधली. पुडकं लहान आणि ठरलेल्या मापाचं ठेवायचं, त्यावर पत्त्याऐवजी छोटी खूणचिठ्ठी लावायची, आणि ते पुढे सारण्याचं काम सॉफ्टवेअरऐवजी थेट हार्डवेअरला करू द्यायचं. १९८८मध्ये सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने भविष्यातल्या ब्रॉडबँड जाळ्यासाठी हाच मार्ग स्वीकारला. कोणत्या सेलमध्ये, म्हणजे या ठरलेल्या मापाच्या पुडक्यात, कुणाचं काय आहे, हे आता चिठ्ठी सांगणार होती. म्हणजे ओळख पटवण्याचं काम वेळेकडून काढून घेतलं गेलं. आणि या जाळ्याच्या दारात पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या टेलिफोन कंपन्या, ज्यांचा सगळा माल वेळेवरच ओळखला जात होता.

सेल केवढी असावी यावरून जे भांडण झालं, त्याची गोष्ट या क्षेत्रातले लोक हसत हसत सांगतात. युरोपाला आत ३२ बाइट हवे होते, अमेरिकेला ६४. १९८९ साली दोघांची सरासरी काढून ४८ ठरले, वर ५ बाइटांचं हेडर, झाले ५३. कोणत्याही इंजिनिअरने स्वतःहून निवडला नसता असा हा आकडा. पण भांडण कशावरून होतं ते पाहिलं तर हसण्यासारखं त्यात काही नाही. एका संभाषणाचे बाइट दर १२५ मायक्रोसेकंदांना एक या गतीने येतात. ३२ बाइटांची सेल भरायला त्यामुळे ४ मिलिसेकंद लागतात, ६४ची भरायला ८. तेवढा वेळ आवाज पाठवणाऱ्याच्याच दारात बसून राहतो. फोनवर आपलाच आवाज उशिरा परत आला की तो प्रतिध्वनी म्हणून कानाला खुपतो, आणि उशीर जितका जास्त तितका जास्त खुपतो. फ्रान्स एवढा आटोपशीर देश की देशांतर्गत कॉलला प्रतिध्वनी मारणारी यंत्रं लावायची गरज पडत नव्हती. सेल ३२ची राहिली तर ती पुढेही पडणार नव्हती. अमेरिकेत अंतरंच इतकी मोठी की ती यंत्रं आधीच लावलेली होती. त्यांना मोठी सेल परवडत होती, कारण मोठ्या सेलमध्ये हेडरवर वाया जाणारी जागा कमी. म्हणजे एका बाजूला विलंब वाचवायचा होता, दुसऱ्या बाजूला बँडविड्थ. किंमत कोणत्या चलनात द्यायची आणि ती कोणाच्या खिशातून जायची, यावरचं हे सरळ भांडण होतं. ४८ हा आकडा कुणालाच पुरता सोयीचा नव्हता, हे खरं. पण टेबलावर काय ठेवलं आहे हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता एक ई-१ लाइन प्रत्यक्ष सेलमध्ये भरून पाहू. यासाठीच्या नियमांना एएएल-१ असं नाव आहे. सेलच्या ४८ बाइटांपैकी एक बाइट हे नियम स्वतःसाठी ठेवतात, उरतात ४७. म्हणजे ३७६ बिट. ई-१ची एक फ्रेम २५६ बिटांची, त्यामुळे एका सेलमध्ये साधारण दीड फ्रेम बसते आणि सेलची हद्द फ्रेमच्या हद्दीशी जुळत नाही. संपूर्ण लाइन जशीच्या तशी न्यायची असेल तर त्याने बिघडत नाही. यंत्र फ्रेमकडे पाहतच नाही, आलेले बिट नळीत भरावेत तसे सेलमध्ये भरत जातं. एक सेल सुमारे १८४ मायक्रोसेकंदांत भरते. सेकंदाला सुमारे ५,४४७ सेल लागतात. प्रत्येक सेल रस्त्यावर ५३ बाइटांची जागा घेते, म्हणून २.०४८ मेगाबिटची लाइन एटीएमवर २.३१ मेगाबिटची होते. यावर टीकाकार बोट ठेवतात, आणि ठेवावंच: एटीएमवर चढवलेली ई-१ लाइन दुसऱ्या एका ई-१ लाइनमध्ये मावत नाही.

त्या एका बाइटाकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण सगळी हुशारी तिथे एकवटली आहे. आठ बिटांपैकी तीन बिट सेलचा क्रमांक सांगतात, शून्य ते सात, मग पुन्हा शून्य. एक बिट इतर निरोपांसाठी राखलेला. उरलेले चार बिट या पहिल्या चार बिटांच्या रक्षणासाठी. म्हणजे अर्धा बाइट निरोप आणि अर्धा बाइट त्या निरोपाचा पहारा. वाटेत एखादा बिट उलटला तर तो पलीकडे दुरुस्त करता येतो. आतल्या ४७ बाइटांना, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे त्या मालाला, असं कसलंही संरक्षण नाही. पहिल्यांदा हे वाचणारा माणूस थबकतो. मालाला पहारा नाही आणि क्रमांकाला मात्र एवढा?

कारण असं की सर्किटच्या दृष्टीने चुकीचा बिट परवडतो, हरवलेला परवडत नाही. समजा वाटेत एका स्विचमध्ये गर्दी झाली आणि एक सेल टाकून दिली गेली. पलीकडच्या टोकाने नुसती पुढची सेल उचलून जोडली, तर ३७६ बिट गायब होतात आणि त्यानंतरचा प्रत्येक बिट चुकीच्या जागी पडतो. एका खणातला आवाज भलत्याच खणात जातो, फ्रेमची सुरुवात सापडत नाही, आणि पलीकडचं एक्स्चेंज लाइन तुटली असं समजतं आणि तिसांच्या तीस संभाषणांवर परिणाम होतो. तेच जर टोकावरच्या यंत्राने क्रमांकांवरून ओळखलं की तीननंतर थेट पाच आली, तर ते मधल्या जागेत ३७६ एक भरून देतं. त्या १८४ मायक्रोसेकंदांत जे बोललं गेलं ते गेलंच. कानाला कदाचित बारीकसा टक् ऐकू येईल. पण पुढचा प्रत्येक बिट आपल्या जागी राहतो. हरवलेली सेल परत मागवण्याचा इथे प्रश्नच येत नाही, कारण ती परत येईपर्यंत तिची वेळ टळून गेलेली असते. संगणकाच्या जाळ्यात मालाचं मोल आणि इथे जागेचं. क्रमांक तीनच बिटांचा असल्यामुळे ओळीने आठ सेल हरवल्या तर मात्र काहीच कळत नाही, मोजणी पुन्हा जुळल्यासारखी दिसते. रचना करणाऱ्यांनी तेवढा धोका पत्करला. माझ्या मते तो योग्यच होता.

पुढचा प्रश्न चालीचा. सेल निघतात सारख्या अंतराने, पण वाटेतल्या प्रत्येक स्विचमध्ये त्यांना थोडं थांबावं लागतं. कधी पुढे कुणी नसतं, कधी चार-पाच सेल असतात. पोहोचताना त्यांचं अंतर विस्कटलेलं असतं. म्हणून पोहोचण्याच्या टोकाला बफर ठेवतात. गच्चीवरच्या टाकीसारखंच ते: पालिकेचं पाणी येवो कसंही, घरातला नळ एका धारेने चालला पाहिजे. टाकी फार लहान ठेवली तर कधीतरी कोरडी पडते. फार मोठी ठेवली तर त्यात पडून राहणारा प्रत्येक बिट तेवढा उशिरा बाहेर पडतो. म्हणजे विस्कटलेली वेळ दुरुस्त करायची तर विलंबातच किंमत द्यायची. किती द्यायची, हे जाळं सर्वांत वाईट घटकेला कसं वागतं त्यावर ठरतं. सरासरीचा इथे काही उपयोग नाही.

आणि बफर कितीही नेमका ठेवला तरी एक प्रश्न उरतोच, सगळ्यांत कठीण. बफरमधून बिट बाहेर काढायचे ते कोणत्या गतीने? २०,४८,००० हा आकडा कागदावरचा. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्राचं स्फटिकावर चालणारं घड्याळ किंचित पुढे-मागे असतं. ई-१ला दहा लाखांत ५० इतका फरक मान्य आहे. ऐकायला नगण्य वाटतो, पण त्याचा अर्थ सेकंदाला सुमारे १०२ बिटांचा फरक. पाठवणारा तेवढा पुढे असला आणि घेणाऱ्याचं घड्याळ कागदावरच्या आकड्याला धरून चाललं, तर अडीच सेकंदांत एका फ्रेमइतके बिट साठून जातात आणि मग एक फ्रेम टाकून द्यावी लागते. याला स्लिप म्हणतात. बोलण्यात तो टक् म्हणून ऐकू येतो, फॅक्सच्या कागदावर ओळी खातो, आणि सांकेतिक करून पाठवलेल्या माहितीचा मेळ पुरता घालवतो.

ही चूक पकडायला अवघड का, तेही सांगतो. लाइनची तक्रार आली की पलीकडच्या टोकाला लूप टाकतात आणि अलीकडून टेस्टर लावतात. पाठवलेले बिट जसेच्या तसे परत आले की लाइन ठीक. पण लूप टाकल्यावर टेस्टरचंच घड्याळ फिरून त्याच्याकडे परत येतं. दोन घड्याळांचा झगडा तिथे उरतच नाही, म्हणून रात्रभर चाचणी चालवूनही शून्य चुका दिसतात. लूप काढून खरी वाहतूक सोडली की स्लिप पुन्हा सुरू. ग्राहक म्हणतो लाइन खराब आहे, खातं म्हणतं चाचणी शंभर टक्के आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. बिट ठीक होते, चाल बिघडली होती, आणि चाल मोजायचं यंत्र कुणी लावलंच नव्हतं.

यावर बेलकोर या अमेरिकी प्रयोगशाळेने काढलेला तोडगा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. १९९३मध्ये त्याचं पेटंट झालं आणि पुढे तो आंतरराष्ट्रीय मानकात गेला. नाव सिंक्रोनस रेसिड्युअल टाइम स्टॅम्प. एटीएमचं जाळं स्वतः एका अचूक घड्याळावर चालतं आणि ते घड्याळ दोन्ही टोकांना मिळतं, असं त्यात धरलं आहे. पाठवणारं यंत्र ग्राहकाचे ३,००८ बिट म्हणजे नेमक्या आठ सेलचा माल मोजतं, आणि तेवढ्या वेळात जाळ्याच्या घड्याळावरून काढलेले ठोके किती पडले ते पाहतं. ई-१साठी हे ठोके साधारण ३,५६९ भरतात. आता तो आख्खा आकडा पाठवायची गरजच नाही. आकडा ३,५६९च्या आसपासच असणार हे दोन्ही टोकांना आधीच माहीत आहे, फरक पडेल तो एखाद्या ठोक्याचा. म्हणून १६ने भागून उरलेली बाकी तेवढी पाठवायची. बाकी चार बिटांत मावते, आणि ते चार बिट मघाच्या त्या राखीव बिटात बसवले: आठ सेलमधल्या एक, तीन, पाच आणि सात क्रमांकाच्या सेलमध्ये एकेक. जास्तीचा एकही बिट न वापरता ग्राहकाच्या घड्याळाची चाल पलीकडे जशीच्या तशी उभी राहते. त्या एका बाइटातून यापेक्षा जास्त काम करून घेता आलं असतं असं मला वाटत नाही.

मात्र तोडगा इतका स्वस्तात पडला तो समाईक घड्याळाच्या जोरावर. ते नसेल तर दुसरी पद्धत वापरावी लागते. बफर भरत चालला की बिट थोडे वेगाने सोडायचे, उतरत चालला की हळू. याला समाईक काहीच लागत नाही. पण बफर भरला तो पाठवणाऱ्याचं घड्याळ पुढे आहे म्हणून, की वाटेतली गर्दी ओसरून सेल लवकर आल्या म्हणून, हे त्याला खात्रीने ओळखता येत नाही. दिवसभरात गर्दी जशी चढते-उतरते तशी चालही हळूहळू डोलत राहते. मोठा बफर आणि लांब मुदतीची सरासरी घेऊन ते डोलणं कमी होतं, संपत नाही. घड्याळ वाचवलं, विलंब वाढला.

या सगळ्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो वजनदार आहे. माणसं बोलतात तेव्हा निम्मा वेळ तर ऐकत असतात. ती शांतता सुद्धा प्रत्येक १२५ मायक्रोसेकंदाला इमानेइतबारे कापून, सेलमध्ये भरून, जागा राखून पलीकडे न्यायची, हा निव्वळ अपव्यय आहे. जाळं साधं ठेवा, शहाणपण टोकांना द्या, आवाज पुडक्यांतून सोडा आणि थोडं मागेपुढे झालं तर टोकं सांभाळून घेतील, असं इंटरनेटवाल्यांचं म्हणणं. माणसांच्या बोलण्यापुरते ते बरोबर ठरले, हे मान्यच करायला हवं. आज व्हॉट्सअ‍ॅपवरून अमेरिकेतल्या मुलीशी बोलणाऱ्या आजीला सर्किट लागत नाही. एटीएमच्या लोकांनीही हे ओळखलं होतं. एकेकटं ६४,००० बिटांचं संभाषण घेऊन सेल भरायला जवळजवळ ६ मिलिसेकंद लागतात. तो उशीर टाळायला सेल अर्धवट भरून पाठवली तर बँडविड्थ वाया जाते. म्हणून १९९७मध्ये एएएल-२ आलं. त्यात एकाच सेलमध्ये अनेक संभाषणांचे छोटे तुकडे बसू लागले आणि शांतता वगळता येऊ लागली. पहिल्या पिढीच्या थ्रीजी जाळ्यांत टॉवरपासून मागे आवाज जात होता तो याच पद्धतीने.

एटीएमची खरी चूक दुसरीकडे होती. एकच जाळं सगळ्यांसाठी, या आग्रहापायी आवाजाच्या गरजेची किंमत त्याने संगणकांच्या माहितीकडूनही वसूल केली. ईमेलला ५३ बाइटांच्या सेलची काहीही गरज नव्हती, तरी तिलाही प्रत्येक ५३ बाइटांमागे ५ बाइट द्यावे लागले. शिवाय लहान सेलमागचं कारणच काळाने काढून घेतलं. ई-१सारख्या लाइनवर १,५०० बाइटांचं एक पुडकं सुटलं की त्याच्या मागच्याला जवळजवळ ६ मिलिसेकंद ताटकळावं लागतं, तर सेलच्या मागे फक्त ०.२ मिलिसेकंद. १५५ मेगाबिटच्या लाइनवरही हा फरक ८० आणि २.८ मायक्रोसेकंदांचा होता. १० गिगाबिटच्या लाइनवर तेच मोठं पुडकं १.२ मायक्रोसेकंदांत निघून जातं. मग छोट्या सेलचा हट्ट कशाला? स्वस्त इथरनेटपुढे एटीएमचा टिकाव लागला नाही यात अन्याय काही झाला नाही.

पण एटीएमबरोबर एक रीतही गेली, आणि तिचं जाणं मला सलतं. या जाळ्यात सर्किट मागणाऱ्याला आधी सांगावं लागे: मला कमाल इतक्या सेल हव्यात, चालीत इतकाच फरक चालेल. वाटेतला प्रत्येक स्विच आपल्याकडे तेवढी जागा उरली आहे का ते तपासे. नसेल तर सरळ नकार येई. दिलेला शब्द पाळता येणार नसेल तर तो द्यायचाच नाही, असा नियम यंत्रांत उतरवलेला होता. त्यानंतरच्या जाळ्यांनी सहसा कुणाला नकार दिला नाही. सगळ्यांना आत घेतलं आणि गर्दी झाली की ती सगळ्यांवर थोडी थोडी वाटली. रस्ते भरमसाट रुंद केल्यामुळे हे बहुतेक वेळा खपून जातं. मात्र रुंद रस्ता हीही बँडविड्थमध्ये मोजलेली किंमतच आहे, आणि ती मोजूनही हाती येते ती शक्यता. हमी नव्हे.

कुठे कुठे शक्यता पुरत नाही. वीजवाहिनीच्या दोन टोकांना बसवलेले संरक्षण रिले एकाच क्षणी आपापल्या टोकाचा प्रवाह मोजतात आणि ती मापं एकमेकांना पाठवून ताडून पाहतात. फरक दिसला म्हणजे मध्ये कुठेतरी बिघाड, वाहिनी ताबडतोब बंद. यातले बरेच रिले जाण्याचा आणि येण्याचा विलंब सारखाच आहे असं धरून दोन मापांची वेळ जुळवतात. आता जायचा आणि यायचा विलंब यांत समजा एका मिलिसेकंदाचा फरक पडला. आपल्या ५० हर्ट्‌झच्या ग्रिडमध्ये एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. अर्ध्या मिलिसेकंदाची चूक म्हणजे ९ अंशांचा खोटा कोन. प्रवाह जोराचा असेल तर नसलेला बिघाड दिसायला लागतो. दोन्ही दिशांना सारखा वेळ घेणारं जुनं सर्किट काढून तिथे पुडक्यांचं जाळं बसवताना वेगाचे आकडे पाहिले जातात आणि दोन दिशांमधला फरक विचारायचा राहून जातो. हे शहाणपण सर्किटं चालवणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ते वेगळं लिहून ठेवावं लागेल, असं त्यांना कधी वाटलं नसावं.

मोबाइलच्या टॉवरांचं तर याहून ठळक उदाहरण आहे. मोठ्या टॉवरला आपली रेडिओ लहर अब्जात ५० इतक्या अचूकतेने धरून ठेवावी लागते. टॉवरपर्यंत ई-१ येत होती तोवर ही अचूकता तिच्या चालीतूनच मिळत होती. पुढे ई-१ काढून इथरनेट आणलं, बिट दसपट-शंभरपट आले, आणि घड्याळ नाहीसं झालं. मग आयईईई १५८८ हा घड्याळं जुळवण्याचा नियम टॉवरांसाठी कामाला लावला. इथरनेटलाच चाल शिकवणारं सिंक्रोनस इथरनेट आलं. टॉवरांवर जीपीएसचे अँटेना चढले. सर्किटं पुडक्यांवरून नेण्याचे नियमही २००६-०७मध्ये इंटरनेटच्या मानकांत नव्याने लिहिले गेले, आणि त्यांत तेच सगळं आहे: क्रमांक, हरवलेल्या जागी भरायचे बिट, बफर, समाईक घड्याळ असेल तर एक पद्धत आणि नसेल तर दुसरी. एटीएमवाल्यांनी दशकभर आधी सोडवलेला पेपर पुन्हा सोडवावा लागला.

आणि गरज कमी होत नाही, वाढतेच आहे. ऑक्टोबर २०२२पासून आपल्याकडे सुरू झालेल्या ५जीचा मोठा भाग ज्या ३.३ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो, तिथे बोलणं आणि ऐकणं एकाच लहरीवर आळीपाळीने होतं. शेजारच्या दोन टॉवरांची पाळी जुळली नाही तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्यावर आदळतं. म्हणून प्रत्येक टॉवरने मूळ वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहायला हवं. ई-१ची फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची होती. आता तिचा जवळजवळ ऐंशीवा हिस्सा सांभाळायचा आहे, तोही अशा जाळ्यावर, ज्याच्या मूळ रचनेत वेळेला जागाच नव्हती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वीज, रेल्वे, मोबाइल, जिथे जिथे जुनी ठरलेल्या चालीची सर्किटं काढून पुडक्यांची जाळी बसवली जात आहेत, तिथल्या प्रत्येक कंत्राटात मेगाबिटच्या आकड्याशेजारी आणखी चार आकडे लिहिले गेले पाहिजेत: सर्वांत वाईट घटकेचा विलंब किती, जाण्या-येण्याच्या विलंबात फरक किती, घड्याळ कुठून येणार, आणि ते घड्याळ तुटलं तर टोकावरचं यंत्र स्वतःच्या बळावर किती तास चाल सांभाळणार. चौथा आकडा देताना विक्रेते सर्वांत जास्त चुळबुळतात, म्हणून तो सर्वांत आधी विचारावा.